उठ की, काय झालं नाय

यंदाच्या मे महिन्यात भाचीला समर कॅम्पला सोडायचं काम माझ्याकडं आलं. बहिणीची सकाळची ड्युटी, भाऊजी टूरवर, आणि घरात रिकामा दिसणारा एकच माणूस. सकाळी सव्वासहाला ग्राउंडवर पोचायचं आणि साडेआठला परत आणायचं, कारण मेमध्ये आमच्या सोलापुरात नऊनंतर ग्राउंडवर उभं राहिलं तर चपलेचं रबर वास मारतं. मी आपला कडेच्या पायऱ्यांवर बसतो, मोबाईल बघतो, अधूनमधून मान वर करून खो-खो बघतो, आणि आपण काय कोच नाय, आपण नुसते मामा आहोत असं स्वतःला सांगत गप्प राहतो. त्या दिवशी गप्प राहिलो नाय. पोरींची आपसात मॅच लागली होती. पळतीत एक चौदा-पंधरा वर्षांची पोरगी होती, काटकुळी, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि ती इतकं भारी पळूलालती की मी मोबाईल खाली ठेवला होता. खांबापाशी आली, मागच्या पोरीला उजवीकडची हूल दिली, डावीकडं वळली आणि तिथंच बसली. कुणी धक्का दिला नाय, कुणाचा हात लागला नाय, पायाखाली खड्डा नाय. आणि मी पायरीवरनं, आख्ख्या ग्राउंडला ऐकू जाईल असा ओरडलो, "उठ उठ, उठ की, काय झालं नाय!"

ती उठली. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला गुडघा आत गेल्यासारखा झाला आणि परत बसली. त्यांच्या कोच मॅडम, असतील पंचवीस-सव्वीसच्या, धावत आल्या. पण पोरीकडं वाकायच्या आधी त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. बोलल्या काही नाहीत. मग तिच्याजवळ बसल्या, पायाला हात न लावता, कानापाशी तोंड नेऊन एकच काहीतरी विचारलं. पोरीनं मान हलवली. मॅडमनी डोळे मिटले, उघडले, आणि एका पोराला बर्फ आणायला पिटाळलं.

घरी येईपर्यंत मी गाडीवर बडबडूलालतो, की असंच करतेत पोरं, वळण चुकलं असेल, उद्या पळेल. भाची मागं गप्प बसलेली. ते वाक्य मात्र दिवसभर डोक्यातनं जाईना. दुपारी पंख्याखाली आडवा पडलो तरी तेच. शेवटी कळलं का जाईना ते. वाक्य माझं नव्हतंच.

ते मला सांगितलेलं होतं.

१९९७. मी सतरा वर्षांचा. तेव्हा मॅट-बिट काय नव्हतं, माती. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, सकाळी दोरी धरून फक्कीनं रेषा मारायच्या. ओली माती आणि फक्की यांचा मिळून एक वास येतो, तो आला की अजून माझ्या पोटात कसंतरी होतं. खो-खोत एक मजा आहे, ज्यानं खेळलाय त्यालाच कळंल. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की त्याला मागं फिरता येत नाय, खांबापर्यंत जावं लागतं नाहीतर खो द्यावा लागतो. पळणाऱ्याला मात्र कुठंही, कसंही वळता येतं. म्हणजे पळणाऱ्याची सगळी इस्टेट काय, तर वळण. माझं वळण जिल्ह्यात नावाजलेलं होतं हो, आज सांगायला लाज वाटते पण होतं. समोरच्याला खांदा एकीकडं दाखवायचा, पाय जमिनीत रोवायचा आणि आख्खं अंग दुसरीकडं फिरवायचं. त्या दिवशी पाय रोवला, अंग फिरलं, आणि गुडघ्याच्या वरचं फिरलं पण खालचं फिरलंच नाय.

टक.

आमच्या घरात पॉवरलूम होते. चार माग, टॉवेलचं काम. अण्णांचे कान असे तयार झालेले की चार माग धडधडत असताना तान्याचा एक दोरा तुटला तरी जेवता जेवता उठायचे, माग थांबवायचे, दोन टोकं चिमटीत धरून अशी गाठ मारायचे की टॉवेलवर हात फिरवून पण सापडायची नाय. तर तो टक मला तसला वाटला. दोरा तुटल्यासारखा, फक्त माझ्या आतनं. दुखलं म्हणावं तर पहिला मिनिटभर इतकं दुखलं की मी ओरडलो पण नाय, आणि मग एकदम कमी झालं. रेषेबाहेरनं आमचे सर ओरडले, "उठ की बे, काय झालं नाय, मुरगळलंय!" मी उठलो. लंगडत दीड मिनिट खेळलो. मग आऊट झालो आणि बाहेर येताना मंडपातनं टाळ्या पडल्या.

आता खरं सांगायचं तर त्या टाळ्या मला अजून आवडतात. सरांवर राग धरावा असं किती जणांनी सांगितलं, बायकोनं तर कितीदा. पण सर चांगले होते हो. स्वतःच्या पगारातनं पोरांना केळी आणायचे, रसवंतीवाल्याकडनं बर्फाची लादी मागून आणायचे, बारदानात गुंडाळून बॅटनं फोडायचे आणि ज्याला लागलंय त्याच्या पायावर स्वतः धरून बसायचे. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी केलं. लागलं म्हणजे एकतर हाड मोडलंय नाहीतर मुरगळलंय, तिसरं खातंच नव्हतं. गुडघ्याच्या आत एक दोरी असते आणि ती तुटली तर बाहेरनं काहीच दिसत नाय, हे त्यांना कोण सांगणार.

दोन तासांत गुडघा शहाळ्याएवढा झाला. इतक्या झटपट सूज आली तर आत रक्त साठलेलं असण्याची शक्यता जास्त, हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा आम्ही काय केलं, तर तालमीत गेलो. वस्तादांनी गरम तेल लावून असा काय चोळला की मी त्यांच्या लंगोटाची पट्टी दातात धरायची बाकी ठेवली होती. वर गरम विटेचा शेक. म्हणजे ज्या दिवशी बर्फ लावून, पाय उंच ठेवून गप पडायचं त्या दिवशी आम्ही सगळं उलट केलं, आणि ते पण किती प्रेमानं. चौथ्या दिवशी एक्स-रे काढला. हाड एकदम ओके. आईनं सिद्धेश्वराला नारळ फोडला. एक्स-रेत दोरी दिसतच नाय, पण त्या काळ्या फिल्मवर आमच्या घरादाराचा इतका विश्वास की मला दुखतंय म्हणायची सोय राहिली नाय.

आणि ह्या दुखण्याचा सगळ्यात मोठा डाव पुढं आहे. तीन आठवड्यांत सूज उतरते. माणूस सरळ चालतो, सायकल मारतो, सरळ पळतो सुद्धा. सगळ्यांना वाटतं बरं झालं, आपल्याला पण वाटतं. मग एक दिवस आपण वळतो आणि पाय सुटतो. आमच्यात 'पाय सुटला' असंच म्हणतात, दुसरा शब्द मला सापडलेला नाय. बाजेवर बिनधास्त बसावं आणि नेमकी तिथलीच पट्टी सैल निघावी, तसं. दुखतं नंतर, आधी विश्वास जातो. पुढच्या वर्षभरात माझा पाय सहा-सातदा सुटला, आणि दर खेपेला आतली गादी थोडी थोडी चिरडत गेली असणार. पोरं म्हणायला लागली, ह्याची जिगर संपली. आणि मला पण तसंच वाटायला लागलं, की आपणच घाबरट. बारावीनंतर मी खेळ सोडला तेव्हा सगळ्यांना सांगितलं, अभ्यास आहे.

नाव कळायला २००३ उजाडलं. नोकरी लागली होती, जिना उतरताना पाय सुटून पडलो, तेव्हा कुणीतरी पुण्याच्या डॉक्टरांचं नाव दिलं. अण्णा सोबत आले. डॉक्टरांनी मला झोपवून नडगी धरली आणि ड्रॉवर ओढावा तशी पुढं ओढली. ती सरकली. दुसऱ्या पायाची ओढली, ती जागेवर अडली. अण्णा वाकून बघूलालते. मग एमआरआय, मग नाव. एसीएल. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली तिरकी दोरी, नडगीला पुढं सरकू देत नाय आणि वळताना गुडघा जागेवर धरते. डॉक्टर म्हणाले, बहुतेक वेळा ही कुणाच्या धक्क्यानं तुटत नाही, आपल्याच वळण्यानं तुटते नाहीतर उडी मारून उतरताना तुटते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन टोकं हायत न्हवं आत? मग गाठ मारता येत नाय का?"

डॉक्टर हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. त्यांनी कागदावर काढून दाखवलं, की तुटलेल्या टोकांचा कुंचला होतो, दोऱ्यासारखं स्वच्छ टोक राहत नाही, आणि गुडघ्यातल्या पाण्यात ती टोकं नुसती तरंगत राहतात, आपोआप काही जुळत नाहीत. मग मांडीच्या मागची एक दोरी काढून तिथं नवीन ओवायची. त्यानंतर व्यायाम, आणि खेळायचं असेल तर कमीत कमी नऊ महिने. मग त्यांनी पेन ठेवलं आणि मला विचारलं, "पळायचंय का?" पळायचं नसेल तर मांडीचे स्नायू तयार करून, वळणं सांभाळून बिनाऑपरेशनचं पण भागेल म्हणाले. मी तेवीस वर्षांचा होतो. मी म्हणलं, नाय. इतक्या पटकन म्हणलं की मलाच नवल वाटलं. परत येताना एसटी टेंभुर्णीला चहाला थांबली, तोवर अण्णा एक शब्द बोलले नव्हते. बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "ते गाठीचं विचारलं ते येड्यासारखं झालं का रं?"

आमचा जुना ग्रुप अजून रविवारी सात रस्त्याला चहाला भेटतो. तिथं प्रत्येकाची ओळख एकेका अवयवानं आहे. पप्याचा खांदा. खांबावर डाईव्ह मारून मारून निखळायला लागला, आता शर्ट काढताना पण सटकतो आणि तो स्वतःच बसवतो, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. बाळ्या फास्ट बॉलर, त्याची कंबर. एक कबड्डीवाला आहे, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कुठल्याच ग्लासाला नीट बसत नाहीत. एकाच्या नळ्या दुखायच्या, पळायला लागलं की दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूनं ठणका. त्याला सगळे नाटकी म्हणायचे. ते कडक जमिनीवर पातळ कॅनव्हासच्या बुटांत एकदम जास्त पळवल्यानं होतं, आणि तसंच रेटलं तर हाडाला बारीक चीर जाऊ शकते, हे त्याला वयाच्या चाळिशीत त्याच्या पोरीच्या फिजिओकडनं कळलं. त्या रविवारी त्यानं आमच्या सगळ्यांकडनं चहाचे पैसे वसूल केले. पंचवीस वर्षांचं व्याज म्हणून.

ग्रुपमध्ये एक वयस्कर काका पण येऊन बसतात, जुने क्रिकेटवाले. दुखण्याचा विषय निघाला की ते १९६२ वर जातातच. बार्बाडोसला आपल्या टीमचा कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर, त्याच्या डोक्यात चार्ली ग्रिफिथचा बॉल बसला, कवटी फुटली, आणि रक्त द्यायला कोण कोण पुढं आले, तर वेस्ट इंडिजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल आणि "आपले पॉली उम्रीगर." आपले, कारण उम्रीगरांचं लहानपण सोलापुरातलं. काका असं सांगतात जसं काय रक्त सोलापूरनंच दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण परत कधी टेस्ट खेळले नाहीत. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल, दर वेळी गप्प बसून ऐकतो. मोठ्यांच्या लागण्याला तारीख असते, गाव असतं, साक्षीदार असतात. आमच्या पप्याचा खांदा पहिल्यांदा कुठल्या मॅचमध्ये निखळला हे पप्याला पण आठवत नाय.

पण साक्षीदार असून पण काय होतं, ते गहुंजेला बघितलं. १९ ऑक्टोबर २०२३, वर्ल्ड कप, बांगलादेशची मॅच, आम्ही चौघं सोलापुरातनं गाडी करून गेलो होतो. हार्दिक पंड्या आपल्याच बॉलिंगवर पायानं बॉल अडवायला गेला आणि घोटा वळला. फिजिओ आला, पट्टी बांधली, हार्दिक उठला, टाकायला बघितलं, जमेना. आत गेला. राहिलेले तीन बॉल टाकायला कोहलीनं हातात बॉल घेतला आणि स्टँडमध्ये जो काय दंगा उसळला, बाप रे, मी पण उभा राहून शिट्टी मारली. खाली बसल्यावर ध्यानात आलं की आपण एका माणसाचा वर्ल्ड कप संपताना शिट्टी मारली. तेव्हा तो संपलाय हे कुणालाच माहीत नव्हतं म्हणा, पंधरा दिवसांनी कळलं. तरी.

पैलवान विनेश फोगाटचं मात्र मला बघवलं नव्हतं. २०१६, रिओ. क्वार्टर फायनलला चिनी पोरीसोबत कुस्ती चालू, आणि गुडघा गेला. ती ज्या पद्धतीनं ओरडली त्यावरनं मी सोफ्यावर बसल्या बसल्या ओळखलं. स्ट्रेचरवरनं नेली. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच भांडी घासत बसलो. त्याच रात्री साक्षी मलिकनं ब्राँझ आणलं, सकाळी सगळीकडं साक्षी, आणि ते बरोबरच होतं, पण मला दिवसभर ते स्ट्रेचर दिसूलालतं. मग ती परत आली, २०१८ ला जकार्तात एशियन गेम्सचं गोल्ड घेतलं. मी ती कुस्ती मोबाईलवर तीनदा बघितली. खोटं कशाला बोलू, आनंद झाला आणि मत्सर पण वाटला. जगातल्या एवढ्या मोठ्या पैलवान पोरीचा मत्सर कुणाला, तर सोलापुरातल्या एका क्लार्कला, ज्याला डॉक्टरनं पळायचंय का विचारलं तर तो नाय म्हणाला होता.

असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी नंदीध्वजाचा सराव चालतो, माझा एक मित्र तिथं असतो. एके वर्षी म्हणाला, ये की बे, धरून तर बघ, उंची हाय, अंग हाय तुझ्यात. एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालायची, आजूबाजूला हजारो माणसं, आणि समजा नेमका तिथं पाय सुटला तर? मी त्याला सांगितलं, ऑफिसला सुट्टी नाय. अभ्यास आहे, सुट्टी नाय, पाऊस येतोय, बूट चावतो. अठ्ठावीस वर्षांत मी जेवढी कारणं सांगितलीत त्यात 'गुडघा' हा शब्द फार कमी वेळा आलाय.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही फायनल आपण नेपाळला हरवून जिंकल्या, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. भाची आणि मी एका मोबाईलमध्ये डोकी घालून बघूलालतो. ती पॉइंट मोजायची आणि मी गुडघे. मॅटवर बूट कसा चिकटतो ते बघत होतो. मातीवर पाय थोडा घसरून तरी जातो, मॅटवर तो जागेवर धरला जातो आणि वरचं अंग फिरतं. भाची म्हणाली, "मामा, तू श्वास का धरूलालास?"

ह्या मॅडमच्या कॅम्पात पहिली वीस मिनिटं पोरींना नुसत्या बाकावरनं उड्या मारायला लावतात. दोन्ही पायांवर उतरायचं, मग एका पायावर, आणि मॅडम प्रत्येकीला, "गुडघा आत नाय! गुडघा बोटाच्या रेषेत!" पोरींमध्ये ही दोरी तुटायचं प्रमाण पोरांपेक्षा जास्त आहे, म्हणून हे सगळं, असं भाचीनंच मला सांगितलं. मी पहिल्या दिवशी मनात म्हणलं होतं, काय नखरे हायत, आमच्या वेळी ग्राउंडला पाच चकरा आणि सुरू. हे कोण म्हणत होतं, तर मी. ज्याला जिना एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरावा लागतो तो मी. आणि एवढं सगळं करून पण ती दोन वेण्यांची पोरगी पडलीच, त्याचं काय करायचं मला कळत नाय.

नऊ-दहा दिवसांनी ती ग्राउंडवर दिसली. गुडघ्याला लांब पट्टा, शेजारी एक कुबडी, लिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टाईम घेत होती. घरी करमत नाय म्हणून आली असणार, मी पण यायचो. मी तिच्याशी बोलायचं ठरवून उठलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पायऱ्या उतरायला लागलो, आडवा होऊन, डावा आधी, मग उजवा त्याच पायरीवर, मग परत डावा. ती बघत होती. जवळ पोचलो तर तीच म्हणाली, "काका, डावा का?"

"हां."

"कधी?"

"सत्त्याण्णव."

तिनं हिशोब केला. "बाप रे. मम्मीच्या लग्नाच्या पण आधी." मग थोडं थांबून, "त्या दिवशी तुम्हीच ओरडलात ना? उठ उठ म्हणून?"

हो म्हणलं. पाठ केलेलं सगळं गेलं.

"उठले पण होते मी," ती म्हणाली. "दोन पावलं टाकली." आणि हे सांगताना तिचा चेहरा असा काय उजळला, की मला मंडपातल्या टाळ्या ऐकू आल्या आणि घशाशी काहीतरी आलं. मी विषय बदलायला विचारलं, मॅडमनी तेव्हा कानात काय विचारलं होतं?

"आवाज आला का म्हणून."

"मग?"

"आला होता ना. टक करून." स्टॉपवॉच हातात फिरवत तिनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं. "तुम्हाला आलेला?"

तेवढ्यात मॅडमनी शिट्टी मारली. तिनं बटण दाबलं आणि ग्राउंडकडं वळली. पोरी पळायला लागल्या, खो-खो-खोचा एकच गलका. मी म्हणलं, आला होता. तिला ऐकू गेलं की नाय काय माहीत, तिचं लक्ष घड्याळावर होतं.